गोव्याहून स्वतःची शिडाची बोट सुएझमधून न्यायचीय, एजंट आणि कागदपत्रांबद्दल माहिती हवी

बेतीकर

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली. आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक ३६ फुटी फायबरची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) घेतलीय, आत डिझेल इंजिन, बेतीला मांडवीत नांगरलेली असते. शनिवार-रविवार आग्वादच्या बाहेर फेरी मारून परत, फार तर मालवण किंवा कारवार. आता खाज अशी सुटलीय की जानेवारीत मुरगावहून निघायचं, सलाला, जिबूती, मग लाल समुद्र चढत सुएझ आणि पावसाळ्याआधी ग्रीस. शीड-इंजिन वगैरे आमचं आम्ही बघू, घोडं अडलंय ते कागदांवर. कालव्यासाठी एजंट लागतोच का, फी कशी ठरते, पायलट छोट्या बोटीलाही घ्यावा लागतो का, आणि मुख्य म्हणजे गोव्यातून निघताना कोणाकोणाच्या दारात जायचं हे कोणी नीट सांगेल का? "कशाला हा उद्योग" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी रोज मिळतात.

फोंड्याचा_भाट

कशाला हा उद्योग? :))

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शिडवाली_सई

बेतीकर, मी एका परदेशी बोटीवर क्रू म्हणून सुएझ केलंय, दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे तुमच्याच दिशेने, त्यामुळे जेवढं डोळ्यांनी बघितलं तेवढं लिहिते.

एजंट लागतोच. कालव्याचं सगळं काम त्याच्यामार्फत चालतं. तुम्ही सुएझच्या टोकाला पोर्ट तौफीकला पोचता, तिथे यॉट क्लबच्या बॉयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांना) बोट बांधून थांबता, आणि एजंट कागद घेऊन फिरतो. त्याला आदल्या बंदरातूनच मेल टाका, बोटीची नोंदणी, विमा, क्रूचे पासपोर्ट, सगळ्याची स्कॅन पाठवा आणि एकूण खर्चाचा आकडा लेखी मागवा. लेखी म्हणजे फोड करून, कालव्याचा टोल किती, मोजणीचे किती, बंदराचे किती, विम्याचे किती, त्याची स्वतःची फी किती. नुसता एक गोल आकडा देणारा एजंट असेल तर दुसऱ्याला विचारा. पैसे डॉलरमध्ये रोख ठेवा, आणि नोटा स्वच्छ, फाटक्या-घडीच्या घेत नाहीत.

फी लांबीवर नसते हे लक्षात घ्या, कालव्याची स्वतःची टनेज मोजायची पद्धत आहे. एक मोजणी अधिकारी टेप घेऊन बोटीवर येतो. आमच्याकडे आले ते गृहस्थ बूट काढून आत उतरले, पायऱ्या बाजूला करायला लावून इंजिनची जागा मोजली, मग केबिनची उंची, रुंदी, सगळं एका कागदावर पेन्सिलने, आणि मग चहा घेत बसून आकडेमोड. त्यातून जे टनेज निघतं त्याचं सर्टिफिकेट मिळतं, ते जपून ठेवायचं, पुढच्या वेळी कामाला येतं.

पायलट छोट्या बोटीलाही सक्तीचाच. अंतर १९३ किलोमीटर आहे आणि यॉटना रात्री जाऊ देत नाहीत, म्हणून दोन दिवस लागतात, पहिल्या दिवशी सुएझ ते इस्माइलिया, रात्री तिम्साह तळ्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुसरा पायलट आणि पोर्ट सईद. पायलट रात्री घरी जातो, त्याला झोपायला जागा द्यावी लागत नाही. जेवण मात्र द्यायचं. शिडावर जाता येत नाही, सगळं इंजिनवर, आणि सलग पाच नॉट तरी चालली पाहिजे बोट. इंजिनचा बेल्ट आणि इंपेलर गोव्यातच नवीन टाका.

सिगारेट-बक्षिशीचं तर जगजाहीर आहे, सगळे खलाशी त्या कालव्याला मार्लबोरो कॅनॉल म्हणतात. आधीच ठरवून ठेवा काय द्यायचं, हसतमुखाने द्या, आणि एकदा दिल्यावर विषय बंद.

बेतीकर

सईताई, हे सोन्यासारखं आहे. एक प्रश्न, आमची नोंदणी सध्या पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडची आहे. ती चालेल ना?

वास्को_द_गावकर

इथेच तर गोम आहे बाब. मी सीएचएकडे (कस्टम्स हाउस एजंटकडे) काम करतो, बंदरातल्या कागदांत आयुष्य चाललंय, म्हणून जरा सविस्तर.

कॅप्टन ऑफ पोर्ट्सची नोंदणी अंतर्देशीय जलवाहनांची, म्हणजे नद्या, खाड्या, जास्तीत जास्त बंदराची हद्द. २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आहे त्यासाठी, आधी १९१७ चा होता. तो कागद घेऊन तुम्ही मांडवीत राजासारखे फिरा, पण सलालाच्या अधिकाऱ्यासमोर त्याला राष्ट्रध्वजाची बोट म्हणून किंमत नाही. समुद्रात जायचं तर मर्चंट शिपिंग कायद्याखालची नोंदणी हवी, ती एमएमडीकडे, म्हणजे मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडे, मुरगावला त्यांचं ऑफिस आहे. त्यांचा सर्व्हेअर येणार, बोट बघणार, टनेज काढणार, लाइफराफ्ट, फ्लेअर्स, दिवे, पंप सगळं तपासणार. हे काम एक-दोन आठवड्यांत होईल अशा भ्रमात राहू नका, जानेवारीत निघायचं असेल तर चतुर्थीच्या आधी फाइल लागली पाहिजे. लोक सुएझच्या एजंटला आधी मेल टाकतात आणि स्वतःच्या बोटीच्या कागदाकडे शेवटी बघतात, आणि तिथेच सीझन जातो. कालव्याचा एजंट पैसे दिले की चार दिवसांत काम करतो हो, इथली नोंदणी तशी होत नाही.

दुसरी गोष्ट रेडिओ. व्हीएचएफ आहे म्हणजे झालं असं नाही, जहाजाच्या रेडिओ स्टेशनचं लायसन्स डब्ल्यूपीसीकडून (दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा), त्यावर कॉल साइन आणि एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख नंबर, मिळतो. भारतीय बोटीचा तो नंबर ४१९ ने सुरू होतो. ईपर्ब (संकटात उपग्रहाला हाक देणारं यंत्र) परदेशातून ऑनलाइन मागवला असेल तर तो दुसऱ्याच देशाच्या कोडवर असण्याची शक्यता खूप, मग संकटात बटण दाबलंत की फोन भलत्याच देशात वाजणार. तो आपल्या नंबरवर कोड करून घ्या आणि बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात नोंद करा, घरच्यांचे दोन मोबाइल नंबर देऊन.

तिसरी, आणि ही हात जोडून सांगतो, सॅटेलाइट फोन. थुराया, इरिडियम आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. दाबोळी विमानतळावर बॅगेत गार्मिनचा इनरीच (उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र) सापडला म्हणून परदेशी पाहुण्यांना अटक झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. परदेशी ब्लॉग वाचून "सगळेच नेतात" म्हणून घेऊ नका. बीएसएनएलमार्फत इनमारसॅट रीतसर मिळतो, महाग आहे, पण तोच मार्ग.

निघायच्या दिवशीचं: कस्टम्स, इमिग्रेशन, पोर्ट हेल्थ, मुरगाव बंदराचं देणं चुकतं केल्याची पावती, आणि शेवटी पोर्ट क्लिअरन्स. हा क्लिअरन्सचा कागद सगळ्यात मोलाचा, कारण पुढच्या प्रत्येक देशात पहिला प्रश्न तोच, मागच्या बंदराचा क्लिअरन्स दाखवा. पासपोर्टवर शिक्का बसला की मग "जरा बेतीला जाऊन बर्फ घेऊन येतो" चालत नाही. निघायचं म्हणजे निघायचं.

निवृत्त_सेकंड_इंजिनियर

वास्कोकरांनी एक राहून गेलं ते मी जोडतो. बोट परत आणायची आहे ना? मग जाताना कस्टम्सकडे तिची पूर्ण नोंद करून घ्या, हल नंबर, इंजिन नंबर, डोलकाठी, रडार, प्रत्येक किमती वस्तूचा सिरियल नंबर, फोटोसकट. नाहीतर परत आल्यावर ती आयात केलेली बोट समजली तर पळता भुई थोडी होईल. सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या यॉटवर जीएसटी ४० टक्के झालाय, वर कस्टम्स ड्यूटी वेगळी. ग्रीसमध्ये नवीन शिडं घेतलीत तर त्यांच्यावर ड्यूटी लागणारच, ती वेगळी गोष्ट.

आता कालव्याबद्दल, मी मोठ्या जहाजांवर होतो, आम्ही इंजिन रूममध्ये असल्याने बघायला फारसं मिळायचं नाही, पण चार गोष्टी माहीत आहेत. सुएझला एकही लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करायचा बंद हौद) नाही, दोन्ही समुद्र जवळपास एका पातळीवर. नेपोलियनच्या लोकांनी मोजणीत चूक करून लाल समुद्र नऊ-दहा मीटर उंच आहे असं ठरवलं होतं, त्यामुळे कालव्याचं काम मागे पडलं ते पडलंच, शेवटी १८६९ च्या नोव्हेंबरात उघडला. पण भरती-ओहोटी आहे हो, दक्षिणेकडे, सुएझपासून बिटर लेक्सपर्यंत. तुमच्या छत्तीस फुटीला समोरून दीड-दोन नॉटचा ओढा लागला तर पायलट घड्याळ बघून चिडचिड करणार, कारण इस्माइलियाला उजेडात पोचायचंय. सकाळी किती वाजता सोडतात ते त्यावर बघा.

मोठ्या जहाजांच्या ताफ्यापासून कडेला राहायचं आणि पायलट सांगेल तिकडे सुकाणू. एव्हर गिव्हन मार्च २०२१ मध्ये अडकलं ते याच दक्षिण टोकाला, ४०० मीटर लांब जहाज आडवं, सहा दिवस.

अवांतर: ग्रेट बिटर लेकमधून जाल तेव्हा आठवण काढा, १९६७ च्या युद्धात कालवा बंद झाला आणि १४ जहाजं त्या तळ्यात १९७५ पर्यंत अडकून पडली. वाळवंटातली वाळू बसून बसून पिवळी पडली म्हणून यलो फ्लीट नाव. त्या खलाशांनी स्वतःची पोस्टाची तिकिटं छापली, शिडांच्या शर्यती लावल्या. आमच्या वेळचे जुने लोक हे किस्से रंगवून सांगायचे.

फोंड्याचा_भाट

काका, तुम्ही वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

काणकोणचो_पात्रांव

सगळं ठीक, पण मुद्द्याचं कोणीच बोलत नाहीये. बाब अल मंदेबमधून, लाल समुद्राच्या दक्षिण तोंडातून, छत्तीस फुटी बोट नेणार? नोव्हेंबर २०२३ पासून तिथे काय चाललंय ते विसरलात का? येमेनच्या हुथींनी गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं, मग क्षेपणास्त्रं, जुलै २०२५ मध्ये मॅजिक सीज आणि इटर्निटी सी दोन अख्खी जहाजं बुडवली. वर सुदानात एप्रिल २०२३ पासून यादवी, म्हणजे पूर्वी यॉटवाले सुआकिनला थांबायचे तेही आता धरता येत नाही. ग्रीस बघायचंय तर विमानाचं तिकीट काढा की.

बेतीकर

पात्रांव, तुमचं बरोबर आहे, आणि आमच्या तिघांतही यावरून रोज भांडण आहे. म्हणूनच विचारतोय, विमा कंपनी काय म्हणेल?

वास्को_द_गावकर

विमा कंपनी "नाही" म्हणेल, अगदी गोड शब्दांत. लंडनच्या विमेवाल्यांच्या जॉइंट वॉर कमिटीच्या धोक्याच्या यादीत दक्षिण लाल समुद्र आणि एडनचं आखात आहे, तिथे शिरलात की साधी पॉलिसी गप्प बसते, युद्धजोखमीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि यॉटला ते द्यायला फार कोणी उत्सुक नसतं. इकडे कालव्यासाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तर हवाच. म्हणजे सुएझपर्यंत पोचायला एक विमा आणि सुएझमध्ये शिरायला दुसरा. पॉलिसीचा बारीक टाइप स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

जायचंच ठरलं तर यूकेएमटीओकडे (या भागातल्या जहाजांवर लक्ष ठेवणारं ब्रिटिश केंद्र) बोटीची नोंद करून रोज पोझिशन कळवायची. आपल्या नौदलाचं गुरुग्रामला माहिती केंद्र आहे, आयएफसी-आयओआर, त्यांचे इशारे निघत असतात, तेही वाचत राहा.

शिडवाली_सई

मी गेले तेव्हा परिस्थिती वेगळी होती, आत्ता मी स्वतः जाणार नाही, स्पष्टच सांगते. आणि वाऱ्याचंही ऐका. जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येचा वारा, अरबी समुद्र मस्त पार होतो, दिवसचे दिवस शीड हलवावं लागत नाही. लाल समुद्राच्या खालच्या अर्ध्यातही हिवाळ्यात वारा पाठीशी असतो. पण पोर्ट सुदानच्या वर गेलात की बारा महिने वायव्येचा वारा थेट नाकावर, आखूड उभ्या लाटा, प्रवाळाचे खडक, आणि रोज पहाटे वारा पडला की इंजिन टाकून थोडं वर सरकायचं, दहा वाजता पुन्हा कुठल्या तरी खडकामागे नांगर. शिगम्यापर्यंत इजिप्त गाठू असं म्हणाल तर बोट चालेल पण माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतील.

दोन पर्याय आहेत. एक, बोट जहाजावर चढवून पाठवायची. मग ती बोट राहत नाही, माल होते, शिपिंग बिल, क्रेडल, डोलकाठी उतरवून बांधणी, सगळं वास्कोकरांच्या खात्यात. दोन, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा. दक्षिण आफ्रिकेत एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायलाही यॉटला फ्लाइट प्लॅन नावाचा फॉर्म भरावा लागतो, यॉट क्लबच्या सहीपासून सुरुवात, मग कस्टम्स, इमिग्रेशन, पोलीस. नाव ऐकून हसू येतं, पण त्याशिवाय गोदीतून सोडत नाहीत.

दिवाडचा_दर्यावर्दी

जाता जाता, गोव्यातल्या माणसाने कालव्याचा एवढा सोस का धरावा? नौदलाच्या शिडाच्या बोटी म्हादेई आणि तारिणी दोन्ही आमच्या दिवाडीच्या गोदीत बांधलेल्या. तारिणीवरच्या सहा नौदल अधिकारी मुली सप्टेंबर २०१७ मध्ये इथून निघाल्या आणि जगाची परिक्रमा करून मे २०१८ मध्ये इथेच परत, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन करत. २०२४-२५ मध्ये दुसऱ्या दोघींनीच ती पुन्हा केली. त्या परिक्रमेचा नियमच आहे, सुएझ-पनामा कुठलाच कालवा घ्यायचा नाही, तिन्ही केप वळायचे. एजंटचा प्रश्नच मिटला!

फोंड्याचा_भाट

हो, फक्त मध्ये केप हॉर्न येतो. किरकोळ.

बेतीकर

दर्यावर्दी, त्यांच्यामागे नौदल होतं, आमच्यामागे बँकेचा हप्ता आहे.

माशेलची_मिथिला

एक भाबडा प्रश्न. कालवाच करायचा तर घरचा कुंभारजुव्याचा का नाही? मांडवीतून झुआरीत. परवानगी लागते का?

निवृत्त_सेकंड_इंजिनियर

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. राष्ट्रीय जलमार्ग २७ आहे तो, मांडवी ६८ आणि झुआरी १११. पावसाळ्यात आग्वादचा बार (नदीच्या तोंडावरचा वाळूचा बांध) वाहतुकीला बंद झाला की खनिजाच्या बार्जेस याच कालव्यातून मुरगावला जायच्या, आमच्या लहानपणी रांगच्या रांग असायची. कुठला पायलट नाही, टोल नाही. पण बेतीकरांची डोलकाठी पन्नास फुटांच्या आसपास असणार, बाणस्तारीच्या पुलाखाली ती उभी जाणार नाही, वर विजेच्या तारा आडव्या आहेत त्या वेगळ्याच. डोलकाठी आडवी करून इंजिनवर गेलात तर सुंदर रस्ता आहे, कांदळवन, पक्षी. पाण्यात पाय सोडून बसू नका फक्त, मगरी आहेत, खऱ्या.

माशेलची_मिथिला

मगरींचं माहीत आहे काका, आमच्या बाजूला मातीची मगर करून पुजतात :)

डोंबिवली_टू_दोनापावला

उशिरा येतोय. पनामाचंही असंच असतं का? मेव्हणा फ्लोरिडाला असतो, त्याचं चाललंय काहीतरी.

शिडवाली_सई

पनामा वेगळा खेळ आहे, तिथे लॉक आहेत. बोट गातून तळ्यापर्यंत २६ मीटर वर चढते आणि पलीकडे तेवढीच उतरते. मोजणीवाला तिथेही येतो, पण ६५ फुटांखालच्या बोटीची फी लांबीच्या गटावर ठरते आणि बोटीला एक कायमचा ओळख नंबर मिळतो. खरं काम दोरांचं. कप्तान सोडून चार माणसं दोर धरायला हवीत, प्रत्येकी १२५ फुटांचे चार जाड दोर. लॉकच्या भिंतीवरून माणूस गाठ मारलेली बारीक दोरी भिरकावतो, ती झेलून आपला जाड दोर बांधायचा, आणि पाणी आत उसळायला लागलं की चौघांनी एकाच लयीत ओढत राहायचं, एकाने ढिलाई केली की बोट फिरलीच. सोलर पॅनेलवर चटया टाकून ठेवायच्या, ती गाठ फुटबॉलसारखी येऊन आदळते. कठड्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले जुने टायर. आणि पायलटच्या जागी जो अ‍ॅडव्हायजर देतात त्याला गरम जेवण आणि सीलबंद पाणी द्या, जेवण पसंत पडलं नाही तर तो तुमच्या खर्चाने मागवू शकतो. मेव्हण्याला सांगा पाऊस-पाण्याची बातमी बघत जा, २०२३ च्या दुष्काळात तळं आटलं तेव्हा रोजच्या ३६ जहाजांवरून २४ च्या खाली आणली होती संख्या. भारतात परत येताना पनामातून आलात तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्डही लागतं.

बेतीकर

मंडळी, काल रात्री तिघं बसलो. ठरलं असं की एमएमडीची फाइल आणि रेडिओ लायसन्स या आठवड्यात सुरू करायचं, ते कुठेही जायचं झालं तरी लागणारच आहे. या सीझनला सुएझ नाही, मुरगाव ते सलाला ते मस्कत आणि परत. एक मित्र अजून रुसलाय. पुढच्या वर्षी लाल समुद्राचं बघू. सईताई, ओमानमध्ये काय काय विचारतील? आणि आम्ही तीन मालक, दोघंच जाणार, त्याचं काही?

शिडवाली_सई

शहाणपणाचं केलंत. ओमानला एजंट धरावाच लागतो, त्यामुळे कालव्याची रंगीत तालीम होईल. जो मालक येत नाहीये त्याच्याकडून नोटरी केलेलं पत्र घ्या, इंग्रजीत, बोटीचं नाव-नंबर आणि कप्तानाचा पासपोर्ट नंबर टाकून, की बोट न्यायला माझी हरकत नाही. क्रू लिस्टच्या दहा-बारा प्रती छापून न्या. बोटीवरच्या सगळ्यांना क्रू म्हणूनच लिहा, पाहुणा किंवा पॅसेंजर शब्द कुठेही नको, नाहीतर धंद्याची बोट समजतात.

आणि म्हापशाला बाजारात जाऊन एक रबरी शिक्का करून घ्या, बोटीचं नाव, नोंदणी नंबर, बंदर, मध्ये छोटासा नांगर. ओमान असो की इजिप्त, ज्या कागदावर शिक्का नाही तो कागदच नाही अशी समजूत असते, आणि सहीच्या वर ठसठशीत निळा शिक्का मारला की टेबलापलीकडच्या माणसाचा चेहराच बदलतो.

वास्को_द_गावकर

शिक्का एमएमडीचा नंबर आल्यावर करा हां, आत्ताच जुन्या नंबरचा करून बसाल.

फोंड्याचा_भाट

जो रुसलाय त्याच्याकडूनच नोटरीचं पत्र घ्यायचंय ना? मग आधी त्याला जेवायला न्या.